लिफ्टमध्ये लागलेला कागद

पत्र:

आम्ही मूळचे नाशिकचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे बँकॉकला आलो, त्याला अडीच वर्षं झाली. वर्षभरापूर्वी मलाही इथल्या एका कंपनीत नोकरी लागली. अकाउंट्सची सात जणांची टीम मी सांभाळते, मी सोडून सगळे थाई. सुरुवातीला सगळं गोड वाटायचं, हल्ली त्याच गोडव्याची चीड येते. दोन महिन्यांपूर्वी टीममधल्या एका मुलाने महिनाअखेरच्या हिशेबात मोठी चूक केली. मीटिंगमध्ये मी ती दाखवली. आवाजही फार चढवला नव्हता. तो हसत हसत 'क्रब, क्रब' म्हणत राहिला. दुसऱ्या दिवसापासून सगळी टीम मला न विचारता जेवायला जाते. मी शाकाहारी, डबा नेते, पण आधी निदान विचारायचे तरी. मग आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये कागद लागला: स्वयंपाकाचा वास कॉरिडॉरमध्ये येऊ देऊ नये. आमच्या मजल्यावर भारतीय आम्हीच. शेजारीण रोज हसून हात जोडते, पण तिने एकदाही तोंडावर काही सांगितलं नाही. गेल्या आठवड्यात बाजारात दोन बायका माझ्याकडे बघून 'खॅक' म्हणाल्या आणि हसल्या. ही माणसं तोंडावर एक आणि मागे एक अशीच आहेत का? नवरा म्हणतो, तू मनाला लावून घेतेस. मुलगी सहावीत आहे, तिला इथेच आवडतं. मला मात्र परत जावंसं वाटतं.
ता. क. डिसेंबरात सासूबाई येताहेत. त्यांना काय काय सांगून ठेवू?
– ऑन नुतची परदेशीण

उत्तर:

प्रिय परदेशीण, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींना तुम्ही एकच नाव देऊन टाकलंय, दुटप्पीपणा. पहिल्या दोन ठिकाणी ते नाव चुकीचं आहे, असं माझं मत. तिसऱ्या ठिकाणी ते फारच सौम्य आहे.

ऑफिसचं आधी घेते, कारण तिथे अजून काही करता येण्यासारखं आहे आणि फार दिवस गेले तर ते राहणार नाही.

चूक मोठी होती, दाखवायलाच हवी होती. पण तुम्ही ती सगळ्यांदेखत दाखवलीत. आता हे काही एकट्या थाई लोकांचं खूळ नाही, चारचौघांत झालेला पाणउतारा आपल्याकडेही कुणी विसरत नाही. फक्त नाशिकच्या ऑफिसात तो मुलगा तोंड पाडून बसला असता, दोन दिवस धुसफुसला असता, आणि याला लागलंय हे तुम्हाला कळलं असतं. इथे तो हसला. ते हसू ना खुशीचं होतं, ना उद्धटपणाचं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, अशी वेळ आली की थाई माणूस हसतो. आणि त्याच्या 'क्रब'ला होकार समजू नका. 'ऐकतोय' याच्यापलीकडे त्याने काही कबूल केलेलं नाही.

आवाज फार चढवला नव्हता, असं तुम्ही लिहिता. मराठी कानाला चढलेला वाटला नसेल. आपण एकमेकांना प्रेमाने जेवायला बोलावतो तो सूरसुद्धा या शहरात भांडणाचा वाटू शकतो. स्कायट्रेनच्या डब्यात आपल्या लोकांचा घोळका शिरला की बाकीचे कसे फोनमध्ये डोकं खुपसतात, ते एकदा बघा.

मग टीम तुम्हाला सोडून जेवायला का जाते? ती तुम्हाला शिक्षा आहे, असं तुम्ही धरून चाललाय. मला तसं वाटत नाही. तुमच्यासमोर बसून त्या मुलाला घास गिळवला नसता, म्हणून बाकीच्यांनी त्याची सोय केली. तुमची गैरसोय झाली हे त्यांनाही कळत असणार, आणि त्याबद्दल काय बोलावं हे न सुचल्यामुळे ते आणखी गोड हसत असणार.

सगळ्यांसमोर माफी मागण्याच्या भानगडीत पडू नका, त्या मुलाला दुसऱ्यांदा मधोमध उभं केल्यासारखं होईल. तुमच्या टीममध्ये एक जण नक्की अशी असेल, बहुधा बाईच, जिला सगळे 'पी' लावून हाक मारतात आणि जिच्यावाचून आज जेवायला कुठे जायचं हेही ठरत नाही. वयाने मोठं माणूस ते 'पी', धाकटं ते 'नोंग'. इथे ओळख होते न होते तोच वय विचारतात ते याचसाठी, तुम्हाला कुठल्या खणात ठेवायचं हे कळल्याशिवाय त्यांचं वाक्यच पुढे सरकत नाही. हुद्द्याने ही बाई तुमच्या हाताखाली असेल, पण टीमची नाडी तिला कळते. तिला दुपारी कॉफीला घेऊन जा. 'त्या दिवशी मी जरा तापले होते, त्याला वाईट वाटलं असेल ना?' एवढंच बोला आणि विषय बदला. पुढचं ती बघेल. तुमचे शब्द संध्याकाळपर्यंत जिथे पोचायचे तिथे पोचतील, आणि त्या मुलाला तुमच्या तोंडाकडे बघत ते ऐकावे लागणार नाहीत.

पुढच्या वेळी चूक सापडली की लाइनवर, म्हणजे इथल्या व्हॉट्सॲपवर, एकट्याला लिहा. इथलं निम्मं आयुष्य त्या हिरव्या ॲपवर चालतं आणि निम्मी नाजूक बोलणी त्यातल्या स्टिकर्सवर. 'रकाना क चे आकडे परत बघशील का?' आणि खाली घामाघूम झालेल्या अस्वलाचं स्टिकर. तुम्हाला पोरकट वाटेल. पाठवा. त्याला त्यातून कळतं की चूक दिसली आहे, पण बाई संतापलेल्या नाहीत. मीटिंगमध्ये 'समजलं का?' हा प्रश्न मात्र कायमचा बंद करा, त्याला एकच उत्तर मिळतं आणि ते निरुपयोगी असतं. 'तू हे कसं करशील, गुरुवारी मला करून दाखव,' असं म्हणा. आणि तुमच्या एखाद्या सूचनेवर 'बघू', 'थोडं अवघड आहे' असं कुणी पुटपुटलं, किंवा मेसेज वाचूनही दोन दिवस उत्तर आलं नाही, तर तो नकार आहे. तोंडावर 'नाही' म्हणायच्या या संकोचाला इथे 'क्रेंग चाय' म्हणतात. आपल्याकडची भीड म्हणजे तेच. फक्त आपण ती पाहुण्यांपुरती आणि सासुरवाडीपुरती ठेवली, यांनी ऑफिसातही आणली.

डब्याबद्दल थोडं बोलायला हवं. शाकाहारी असण्यात काहीच अडचण नाही, टेबलापाशी एकटीने डबा खाण्यात आहे. थाई जेवणात भात ज्याचा त्याचा असतो आणि कालवणं मधे ठेवून सगळ्यांची असतात. ताटलीभर जेवण घेऊन बाजूला बसणारं माणूस त्यांना कसंसंच वाटतं. तुमचा डबा त्यांच्या टेबलावर नेऊन उघडा. किंवा पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत 'चे' लिहिलेल्या गाड्या असतात, तिथलं घ्या. त्यात मांस, अंडं, मासळीचं पाणी काहीच नसतं, इतकंच काय कांदा-लसूणही नसतो. आपल्या जैन जेवणाच्या फार जवळचं. नेहमीच्या गाडीवर 'भाज्या परतून द्या' एवढंच सांगितलंत, तर नाम प्ला, म्हणजे ते मासळीचं पाणी, त्यात पडणारच. ते घालू नका हे वेगळं सांगावं लागतं.

आणि एक प्रश्न विचारते, राग मानू नका. मागच्या वेळी नाशिकहून परत आलात तेव्हा टीमसाठी काय आणलं होतंत? इथे चियांग माईला दोन दिवस जाऊन आलेला माणूसही येताना खाऊचे पुडे आणतो आणि प्रिंटरशेजारी ठेवून देतो. लोणावळ्याची चिक्की आणा. त्यांच्याकडेही शेंगदाण्याची तशीच वडी असते, त्यामुळे कुणी बिचकणार नाही. बाकरवडीही खपते.

आता कागद.

बिल्डिंगच्या ऑफिसाने, ज्याला इथे सगळे 'निती' म्हणतात, तुमच्या दारावर चिठ्ठी चिकटवली नाही. तुम्हाला खाली बोलावलं नाही. तुमच्या खोलीचा नंबर लिहिला नाही. शंभरएक घरांच्या लिफ्टमध्ये सगळ्यांना उद्देशून कागद लावला. तुम्हाला हा पाठीमागून केलेला वार वाटतोय; त्यांच्या मते तुमची लाज राखून सांगायचा यापेक्षा सभ्य मार्ग नव्हता. शेजारणीचंही तसंच. तिला फोडणीचा त्रास होतो, आणि तुम्ही तिला आवडताही. या दोन्ही गोष्टी एका बाईच्या मनात सुखाने नांदू शकतात, हे तुम्हाला-मला कळायला हरकत नाही. आपल्याला नणंदा असतात.

वास हा फक्त भारतीयांचा गुन्हा आहे, असंही समजू नका. हॉटेलांच्या दारावर ड्युरियनवर काट मारलेलं चित्र असतं ते तुम्ही पाहिलं असेलच. ते तर त्यांचं लाडकं फळ. सोईतल्या, म्हणजे गल्लीतल्या, गाडीवर कप्राव, म्हणजे तुळशीची पानं घातलेलं तिखट मांस, परतायला घेतलं की मिरचीच्या खाटाने अख्खी गल्ली खोकते. पण ती गाडी उघड्यावर असते. थाई माणूस उग्र स्वयंपाक बाहेर करतो किंवा बाहेरून आणतो. म्हणून कॉन्डोच्या स्वयंपाकघरात विजेच्या दोन शेगड्या आणि वर चिमणीचं सोंग, जे बहुतेक वेळा हवा गाळून परत घरातच सोडतं. त्यात तुम्ही हिंग, मोहरी आणि लाल मिरची तडतडवलीत की तो धूर दाराखालच्या फटीतून एसीच्या बंद कॉरिडॉरमध्ये जातो आणि रात्रीपर्यंत तिथेच मुक्काम करतो.

तेव्हा: दाराखाली रबराची पट्टी लावून घ्या, फोडणीच्या वेळी बाल्कनीचं दार उघडा आणि बाथरूमचा पंखा चालू ठेवा. मसाले भाजणं, कांदा-खोबऱ्याचं वाटण परतणं ही कामं आठवड्यातून एकदा, लोक कामावर असताना उरका. शेजारणीला शंकरपाळे नेऊन द्या. कागदाचा विषय काढू नका, तिचा जीव अर्धा होईल. भाडेकरार संपला की उंच टॉवर सोडून सोईतलं जुनं, कमी मजल्यांचं, स्वयंपाकघराला स्वतःची खिडकी असलेलं घर बघा. ऑन नुत आणि फ्रा खनोंगच्या आतल्या बाजूला अशी घरं मिळतात, आणि भाडंही पुष्कळदा कमी असतं.

बाजारातल्या बायकांबद्दल मात्र मी तुमची समजूत घालणार नाही.

'खॅक' हा शब्द गोऱ्यांना लावत नाहीत, ते 'फरांग'. भारतीय, अरब, मलायी असे आपण सगळे खॅक. पुष्कळदा तो साधेपणाने येतो. सिलोमच्या मरिअम्मन देवळाला सारं शहर 'वाट खॅक' म्हणतं, त्यात काही आकस नाही. पण 'साप आणि खॅक दिसले तर आधी खॅकला मारा' अशी म्हणही याच भाषेत आहे. जुन्या पिढ्यांनी पाहिलेला भारतीय म्हणजे बँकॉकच्या पाहुरत बाजारातला कापडवाला शीख, पूर्वेकडच्या उत्तर प्रदेशातून आलेला रखवालदार, शेंगदाणे विकणारा, हप्त्याने मच्छरदाण्या देणारा आणि व्याजाने पैसे देणारा. सावकार जगात कुणालाच आवडत नाही. नव्या पिढीने पाहिलेला भारतीय पटायाच्या किनाऱ्यावरून घोळक्याने फिरतो आणि प्रत्येक वस्तूचा भाव पाडून मागतो. त्यात गोऱ्या कातडीचं वेड, जे तुम्ही क्रीमच्या जाहिरातींत रोज बघता. या सगळ्याचं मिळून जे होतं, त्याला संस्कृतीतला फरक म्हणून झाकायचं कारण नाही. तो पूर्वग्रह आहे. घर शोधताना 'मालकाला भारतीय नकोत' हे एजंटाच्या तोंडून ऐकलेली मराठी कुटुंबं मला माहीत आहेत. पुण्या-मुंबईत आडनाव आणि आहार विचारून जागा नाकारणारे आपणच असतो, म्हणून फार वरच्या पट्टीत बोलायचा हक्क आपल्याला उरत नाही, पण दुखायचं तिथे दुखतंच.

गंमत अशी, की हीच माणसं हुआय ख्वांगच्या चौकातल्या गणपतीपुढे झेंडूच्या माळा घेऊन ताटकळत उभी असतात. इथल्या ललित कला विभागाच्या बोधचिन्हावरही गणपतीच आहे. देव त्यांनी केव्हाच घरचा करून घेतला. भक्तांबद्दल अजून मन ठरत नाही.

तर बाजारात काय करायचं? कळलं आहे, एवढं त्यांना कळू द्या. थांबा, त्यांच्याकडे बघा, शांतपणे थाईतच भाजीचा भाव विचारा. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कसं बदलतं ते बघालच. ओरडलात तर सगळा बाजार त्यांच्या बाजूने होईल. इथे जो तापतो तो हरतो, मग त्याचं खरं असलं तरी. एखाद्या दुकानाने अपमान केला म्हणून नाव घेऊन फेसबुकवर लिहू नका. बदनामी हा इथे फौजदारी गुन्हा आहे. २०२० मध्ये को चांग बेटावरच्या हॉटेलाबद्दल वाईट रिव्ह्यू टाकणाऱ्या अमेरिकन माणसाला अटक झाली होती. आणि राजघराण्याबद्दल गंमत म्हणूनही काही लिहायचं, पाठवायचं नाही. कलम ११२ खाली एकेका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं आहेत. हे नवऱ्यालाही बजावा, व्हॉट्सॲपवर पुढे ढकलणारे बहुधा तेच असतात.

'जाड झालीस', 'काळवंडलीस' असं कुणी तोंडावर म्हणालं तर मात्र त्याला या यादीत घालू नका. वासाबद्दल चकार शब्द न काढणारी हीच माणसं वजनाबद्दल बेधडक बोलतात. आपल्या आत्याही तशाच असतात.

मुलीला मात्र शाळेत असं काही ऐकावं लागलं, तर हसून सोडून दे असं शिकवू नका. तिच्या वर्गशिक्षिकेशी जाऊन बोला, एकट्याने, हळू आवाजात. शिक्षकाला इथे अजून मान आहे आणि त्याचा शब्द चालतो.

नवऱ्याचं 'मनाला लावून घेतेस' हे मला पटलं नाही. पुढचे दोन महिने निती, भाजीबाजार आणि मुलीची शाळा त्यांच्याकडे सोपवा. मग त्यांचं मत परत विचारू.

परत जायचं की नाही? 'ही माणसं मला आपलं मानतील का' या प्रश्नावर हे ठरवू नका. कागदोपत्री तरी ते होत नाही. वीस वर्षं राहिलेला परदेशी माणूसही दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवत असतो. जमीन आपल्या नावावर होत नाही. कॉन्डो घेता येतो, तोही इमारतीतल्या एकूण जागेपैकी परदेशी लोकांची मालकी ४९ टक्क्यांच्या आत असेल तरच. कायमच्या वास्तव्याला एका देशाच्या वर्षाला जास्तीत जास्त १०० माणसांना परवानगी मिळते. मला यात एक सुटकाही दिसते. आपलं मानून घ्यायची परीक्षाच नाही म्हटल्यावर नापास कोण करणार? चांगली शेजारीण, बरी साहेब, नेहमीचं गिऱ्हाईक, एवढं झालं तरी इथे दिवस सुखाचे जातात.

ठरवायचं ते मुलीच्या शाळेवरून ठरवा. महाराष्ट्रात परत आणायची असेल तर आठवीपर्यंत आणा. नववीत बोर्ड बदललेल्या मुलांची ओढाताण मी पाहिली आहे. म्हणजे तुमच्या हातात दीड-दोन वर्षं आहेत. त्यातलं पहिलं वर्ष थाई वाचायला शिका. बोलण्यासाठी क्लास लावलाच असेल, पण वाचायला शिकणारे कमी, आणि आपल्याला ते इतर परदेशी लोकांपेक्षा सोपं जातं. त्यांची मुळाक्षरं क, ख, ङ, मग च, छ अशीच आपल्या वर्गांच्या क्रमाने चालतात. इंग्रजांना क आणि ख, प आणि फ ऐकताना घाम फुटतो, आपल्याला तिसरीत येतं. सूर पाच आहेत आणि ते मात्र रडवतील. वाचता यायला लागलं की राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर थाई अंकांत लिहिलेला स्थानिकांचा दर दिसेल आणि शेजारी इंग्रजी अंकांत तुमचा, कित्येक पटींनी जास्त. चीड येईल. पण लिफ्टमधला पुढचा कागद गूगलला न विचारता वाचता येईल, आणि तो पाण्याची टाकी धुण्याबद्दल निघेल.

सासूबाईंना सांगायचं फार नाही. काठापदराचं नेसा, पण ग्रँड पॅलेसला जाताना बिनबाह्यांचं पोलकं नको. पाय कुणाकडे किंवा मूर्तीकडे करून बसू नका. भिक्षू दिसले की त्या पाया पडायला धावतील, तेवढं मात्र आधी बजावा. बाईचा स्पर्श त्यांना चालत नाही, लांबूनच हात जोडायचे. त्यांच्या हातात थेट काही द्यायचंही नाही. ओळखीपाळखीविना एखाद्या पोराच्या डोक्यावर आशीर्वादाचा हात ठेवू नये. लुंफिनी बागेत सकाळी फिरायला नेलंत तर आठ वाजता राष्ट्रगीत लागतं आणि धावणारेही जागच्या जागी थांबतात. त्यांना दचकायला होऊ नये म्हणून सांगून ठेवा. एक दिवस छचेंगसाओला घेऊन जा. तिथे गुलाबी रंगाचा, आडवा पहुडलेला प्रचंड गणपती आहे, आणि लोक नवस देवाला न सांगता उंदराच्या कानात सांगतात, दुसरा कान हाताने बंद करून, म्हणजे ऐकलेलं बाहेर पडू नये. सासूबाई त्या उंदराला बराच वेळ सोडणार नाहीत.

त्या उतरतील त्याच दिवशी त्यांच्या पासपोर्टचा आणि शिक्क्याचा फोटो घरमालकाला लाइनवर पाठवा. घरात परदेशी माणूस राहायला आलं की मालकाने २४ तासांत इमिग्रेशनला टीएम ३० हा फॉर्म भरून कळवायचं असतं. ते राहिलं तर पुढे तुमच्याच व्हिसाच्या मुदतवाढीला खिडकीवरचा माणूस हसत हसत कागद परत करतो. आणि त्या परत जाताना तुम्हीही चार दिवस नाशिकला जाणार असाल, तर निघण्याआधी तिघांचंही री-एंट्री परमिट काढा, एका वेळचं १,००० बाथ, कितीही वेळांचं ३,८००. ते न काढता देशाबाहेर पाऊल टाकलंत तर मुदतवाढ तिथेच संपते.